सही करण्याआधीची दहा मिनिटं

एप्रिल २०२१ मधली, जिल्ह्याच्या ठिकाणची कुठलीही कॅज्युअल्टी आठवावी. रात्रीचे अकरा वाजलेत. भिंतीला लावलेल्या स्ट्रेचरवर साठी ओलांडलेले एक काका बसले आहेत. बोटाला ऑक्सिमीटर, त्यावर ८८ चा आकडा. तोंडावरचा मास्क ते सारखा ओढून काढतायत आणि मुलाला म्हणतायत, ‘‘मला काही झालेलं नाही. घरी चल. इथं राहिलो तर मी जिवंत परत येत नाही.’’ मुलगा घामाघूम. घरी आई पॉझिटिव्ह, बायको दोन पोरांना घेऊन वेगळ्या खोलीत, खिशात एटीएममधून काढलेले दहा हजार रुपये. ड्युटीवरचा निवासी डॉक्टर, म्हणजे आरएमओ, सकाळपासून पीपीई किटमध्ये आहे, बोलायचंही त्राण त्याच्यात उरलेलं नाही. तो एवढंच म्हणतो, ‘‘न्यायचं असेल तर न्या, पण इथं सही करा.’’

त्या कागदावरचा मजकूर सगळीकडे साधारण सारखाच. रुग्णाची प्रकृती गंभीर असल्याचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं आहे, तरीही आम्ही आमच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत, काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर आणि रुग्णालय जबाबदार राहणार नाहीत. खाली सही, रुग्णाशी नातं, तारीख, वेळ, मोबाइल नंबर. रुग्णालयात याला ‘डामा’ म्हणतात, काही ठिकाणी ‘लामा’. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना घेतलेली सुट्टी. मजकूर चार ओळींचा, आणि सही व्हायला अर्धं मिनिटही लागत नाही.

त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी जी दहा मिनिटं हातात असतात, ती कशी वापरावीत याचा विचार शांतपणे घरी बसूनच करून ठेवायला हवा. कॅज्युअल्टीत तो सुचत नाही. कोविडची लाट ओसरली, तरी सही देऊन घरी नेणं थांबलेलं नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांना असंच नेलं जातं, छातीत दुखून आलेल्यांना नेलं जातं, साप चावलेल्यांना नेलं जातं. आणि पुढची साथ कधी ना कधी येणारच आहे.

रुग्णालयाची भीती अडाणीपणातून येते असं मानलं, की संवाद तिथंच संपतो. आपल्याकडे या भीतीला मोठा इतिहास आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांचा जमाव ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. आत नेलेला माणूस परत येत नाही, अशी बातमी तोवर चाळीचाळींत पोचली होती. पुण्यात १८९७ मध्ये रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने घरांची झडती घेतली, तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवून ठेवली. पण त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या प्लेगच्या दवाखान्यात रुग्ण येत होते. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथं आणत होत्या, आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आत आपलं म्हणावं असं कुणी आहे की नाही, यावर लोकांचं पाऊल पुढं पडायचं की मागं, हे ठरत होतं.

सव्वाशे वर्षांनी तेच झालं. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नाही, गेलेल्या माणसाचं तोंडही बघायला मिळत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर रोज एक नवी बातमी: आत किडन्या काढून घेतात. ही अफवा साफ खोटी होती. अवयव काढायला ऑपरेशन थिएटर लागतं, अवयव जुळणारा रुग्ण लागतो, शस्त्रक्रियेची अख्खी टीम लागते. कोविडच्या वॉर्डात हे गुपचूप होणं शक्यच नव्हतं. पण सगळीच भीती खोटी नव्हती. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, आणि दोनच दिवसांनी विरारमध्ये अतिदक्षता विभागाला आग लागली. अशा आठवड्यात ‘इथं नको’ म्हणणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवणं अन्यायाचं आहे.

म्हणून दहा मिनिटांतलं पहिलं काम हे, की ‘घरी न्यायचंय’ या दोन शब्दांमागचं खरं कारण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायचं. बहुतेक नातेवाईक ते सांगत नाहीत. पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटते. घरी तान्हं मूल आहे, गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या आहेत, उद्या कामावर गेलं नाही तर मुकादम दुसरा माणूस घेईल, असली कारणं डॉक्टरांना क्षुल्लक वाटतील अशी धास्ती असते. मग ‘आम्हाला नकोच ते’ एवढंच तोंडून निघतं, डॉक्टरांनाही वाटतं की यांना समजूनच घ्यायचं नाही, आणि कागद पुढं सरकतो. कारण उच्चारलं तर त्याला उत्तर असू शकतं. म्हशींचं दूध काढायला शेजारी येऊ शकतो. पैशांचं उत्तर पुढं सविस्तर आहे. आत संपर्क राहणार नाही ही भीती असेल, तर रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल होईल का, इन्चार्ज सिस्टर कोण, वॉर्डचा फोन नंबर कोणता, हे तिथल्या तिथं विचारून कागदावर लिहून घेता येतं.

आणि रुग्णासोबत एक पिशवी आत जायला हवी: चष्मा, कवळी, कानाचं यंत्र असेल तर ते आणि त्याचे सेल, मोबाइल, चार्जर, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या. वयस्कर माणूस चष्म्याशिवाय आणि कानाच्या यंत्राशिवाय चार दिवस अनोळखी खोलीत पडून राहिला, तर ‘मला इथून काढा’ असं म्हणणारच. त्याला सिस्टर काय म्हणतेय हे ऐकू येत नसतं, मुलाचा फोन आला तर कुणाचा आहे ते दिसत नसतं.

आता एक वैद्यकीय मुद्दा, जो इथं सगळ्यांत मोलाचा आहे.

स्ट्रेचरवरचे काका मास्क ओढून काढत होते, चिडत होते, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत होते. मुलाला वाटलं, बाबा हट्टी आहेत, आणि त्यांची इच्छा मोडवत नाही. पण मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की माणूस बेचैन होतो, भांडतो, उठून पळू पाहतो. हा त्याचा स्वभाव नसतो, आजाराचं लक्षण असतं. कोविडमध्ये तर आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: ऑक्सिजन ८५ च्या आसपास असूनही काही जण आरामात गप्पा मारत बसलेले असायचे. दम लागत नाही म्हणून धोका नाही, असं त्यांना आणि घरच्यांना वाटायचं. रक्तातली साखर उतरली, सोडियम कमी झालं, रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, डोक्याला मार लागला, तीव्र ताप चढला, तरीही माणूस असाच वागतो. तेव्हा ‘पेशंटच नको म्हणतोय’ हे कारण पुढं करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं: हे आत्ता नीट शुद्धीवर बोलतायत का? निर्णय घेण्याच्या स्थितीत आहेत का? रुग्णाला साधे प्रश्न विचारून बघता येतात. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, डॉक्टरांनी आत्ता काय सांगितलं, घरी गेलं तर काय होऊ शकतं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं रुग्णाला त्याच्या शब्दांत देता आली नाहीत, तर त्याचं ‘नको’ हे त्याचं मत धरता येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर असेल आणि सगळं समजून उपचार नाकारत असेल, तर तो अधिकार त्याचा आहे. मुलाचा नाही, जावयाचा नाही, गावाहून आलेल्या काकांचाही नाही. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं की, सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णावरच्या उपचारांना संमती त्याची स्वतःची हवी. आपल्याकडे नेमकं उलट होतं. बाई स्ट्रेचरवर जागी असते, आणि तिला घरी न्यायचं की ठेवायचं हे दाराबाहेर चार पुरुष ठरवतात. सही नवऱ्याची असते. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

यानंतर तीन प्रश्न विचारायचे आहेत. डॉक्टर घाईत असतात, म्हणून ते तोंडपाठ असलेले बरे.

पहिला: हिला किंवा यांना नेमकं काय झालंय, आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं, किती वेळात? ‘सिरीयस आहे’ या उत्तरावर थांबू नये. ‘आज रात्री’, ‘दोन दिवसांत’, ‘आठवड्यात’ यातलं काय, हे विचारावं. कोविडमध्ये पुष्कळ रुग्ण लक्षणं सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खालावत. चौथ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून घरी नेलेला माणूस आठव्या दिवशी धापा टाकत परत यायचा. तेव्हा ‘आज ताप नाही’ यापेक्षा ‘आज कितवा दिवस’ हे महत्त्वाचं होतं. डेंग्यूत तर ताप उतरतो त्याच वेळी धोक्याचे एक-दोन दिवस सुरू होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसत असेल तर ताप उतरलाय म्हणून सुट्टी मागणं जिवावर बेतू शकतं.

दुसरा: आज रात्री इथं असं काय मिळणार आहे, जे घरी मिळणार नाही? या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मागावं. ऑक्सिजन किती लिटरने चाललाय? पिशवीवाल्या मास्कवर मिनिटाला १० ते १५ लिटर चालू असेल, तर घरी भाड्याने आणलेलं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर ती गरज भागवू शकत नाही. २०२१ मध्ये किती घरांत ती यंत्रं रात्रभर घरघरत राहिली आणि आकडा खाली खाली येत गेला. उलट रुग्ण ऑक्सिजनशिवाय ९६ वर असेल, चालल्यावरही आकडा घसरत नसेल, फक्त ताप-खोकला असेल, तर डॉक्टर स्वतःच म्हणतील की घरी ठेवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० पासूनच सौम्य रुग्णांना गृहविलगीकरणाची मुभा दिली होती. म्हणजे एकाच साथीत एकाने घरी जाणं योग्य होतं आणि दुसऱ्याने जाणं घातक. दोघांतला फरक हा आकडा होता. औषधांचंही तसंच. इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही, त्यांना मात्र त्याचा फायदा नव्हता. हे औषध शुगर तपासत, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं. घरी मनाने घेतलेल्या स्टेरॉइडने साखर भडकते, आणि दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात हजारो कुटुंबांना जे भोगायला लावलं त्यात बेताल स्टेरॉइड आणि बेताल साखर या दोन्हींचा हात होता.

तिसरा: अजून किती तास थांबलो तर चित्र स्पष्ट होईल? हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि तोच सगळ्यांत उपयोगाचा आहे. छातीत दुखून आलेल्या माणसाचा पहिला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मल निघतो. ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी ते रक्तात दिसायला वेळ लागतो. ‘ईसीजी चांगला आला’ म्हणून निघालेला माणूस जिन्यात कोसळलेला कॅज्युअल्टीतल्या जवळपास प्रत्येक डॉक्टरने पाहिलेला असतो. साप चावलेल्याला चोवीस तास नजरेखाली ठेवायचं असतं. मण्यारीच्या दंशात तर जागेवर सूजही नसते, आणि विषाची लक्षणं काही तासांनी, पापण्या जड होण्यापासून सुरू होतात. अशा वेळी डॉक्टर ‘अॅडमिट व्हा’ म्हणतात तेव्हा नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर आठ दिवस आणि लाखाचं बिल येतं, आणि डॉक्टरांच्या मनात कदाचित सहा तास असतात. विचारलं तर हे उघड होतं. ‘सकाळी दुसरी टेस्ट येईपर्यंत थांबतो, मग ठरवू’ हे दोघांनाही मान्य होऊ शकतं.

साथीच्या काळात हा प्रश्न कोविड नसलेल्यांसाठी जास्तच मोलाचा ठरतो. २०२० मध्ये कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या पाहणीत देशातल्या १८७ रुग्णालयांत १५ मार्च ते १५ जून या तीन महिन्यांत हार्ट अॅटॅकचे १६,४१८ रुग्ण दाखल झाले. आदल्या वर्षी त्याच काळात ते २५,४१४ होते. म्हणजे जवळपास ३५ टक्के घट. हार्ट अॅटॅक येणं काही एकाएकी एवढं थांबलं नसणार. यातले कित्येक जण लॉकडाऊनमुळे किंवा लागणीच्या भीतीने घरीच थांबले. रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्यांचीही गत तीच. त्यांनी विचारायचं ते असं: इथं कोविडचे रुग्ण वेगळ्या ठिकाणी आहेत का, आणि लागण होण्याचा धोका जास्त की हे दुखणं घेऊन घरी जाण्याचा? छातीतलं दुखणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, गरोदरपणातला रक्तस्राव, यांत या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेवढा वेळ घरी जाऊन परत यायला पुरत नाही.

राहणं आणि निघून जाणं, यांच्या मध्ये बरीच जागा असते, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. हे रुग्णालय परवडत नसेल, तर घरी नेण्याऐवजी दुसरीकडे हलवता येतं. त्यासाठी रेफर चिठ्ठी घ्यावी, आणि पुढच्या ठिकाणी बेड आहे का हे निघण्याआधी फोन करून खात्री करावी. रुग्ण ऑक्सिजनवर असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका मागवावी. मोटारसायकलवर मध्ये बसवून, किंवा रिक्षात, ऑक्सिजनशिवाय नेऊ नये. वाटेतल्या अर्ध्या तासातच कित्येक रुग्ण गेले आहेत. सगळे उपचार नको असतील, पण काही चालतील, हेही बोलता येतं. रुग्ण व्हेंटिलेटर नको म्हणतोय, पण सलाईन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक घ्यायला तयार आहे, तर तेवढं तरी द्यावं असं डॉक्टरांना सांगावं. आणि घरचे फॅमिली डॉक्टर असतील तर तिथूनच त्यांना फोन लावून आरएमओशी बोलायला द्यावं. वीस वर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरांचं ‘थांबा, राहू द्या त्यांना’ हे एक वाक्य दहा कागदांपेक्षा लवकर पटतं.

आता पैसे.

महाराष्ट्रात घरी नेण्याचं सगळ्यांत मोठं कारण पैसा हेच असतं, आणि याच बाबतीत लोकांना आपले हक्क सर्वांत कमी माहीत असतात. कोविडकाळात राज्य सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले होते: साध्या विलगीकरण वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवायच्या अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं वेगळी. दाखल होतानाच हा तक्ता पुढं करणाऱ्या कुटुंबांना पुढं भांडायला आधार मिळाला. तो माहीतच नसलेल्यांनी दागिने मोडले किंवा रुग्ण घरी नेला. त्याच मे महिन्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली, आणि पुढे तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढलं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस काउंटरवर असतो. रात्री तो नसला तर १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं. रेशनकार्ड आणि आधार जवळ नसले तरी तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून पूर्वसूचना देऊन कागद नंतर आणण्याची सोय योजनेत आहे.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट वेगळी. ट्रस्टच्या नावावर चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव स्थिर करणं, हेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. यासाठी भेटायचं ते समाजसेवा अधीक्षकांना. त्यांचं ऑफिस बहुधा तळमजल्यावर एखाद्या कोपऱ्यात असतं, आणि पाटी लहान असते. शोधून काढावं.

ज्यांचा आरोग्यविमा आहे, त्यांना आणखी एक भीती घातली जाते: सही देऊन गेलात तर क्लेम मिळणार नाही. शिकागोतल्या एका रुग्णालयात दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सल्ला डावलून गेल्याच्या कारणावरून विमा नाकारल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. पण ते अमेरिकेत. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ‘डामा’ असा शिक्का असला की कंपनी प्रश्न विचारू शकते. म्हणून टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याच्या काउंटरवर, आधी बोलावं, आणि निघण्याचं कारण कार्डावर लिहून घ्यावं.

त्या कागदावर सही केल्याने रुग्णाचे हक्क संपत नाहीत, हे ठळकपणे सांगायला हवं. ‘डॉक्टर जबाबदार नाहीत’ असं लिहून दिलं तरी, आधी घडलेल्या निष्काळजीपणाची तक्रार करण्याचा मार्ग बंद होत नाही. त्याच रुग्णालयात पुन्हा येण्याचा मार्ग तर मुळीच बंद होत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. त्यात ‘सही देऊन न गेलेल्यांसाठी’ अशी अट नाही. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. बिल वसुलीचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाला मोकळे असतातच. उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांच्या आचारनियमांनुसार बंधनकारक आहे. विषबाधा, अपघात, मारहाण अशा पोलीस केसमध्ये मात्र रुग्णालय पोलिसांना कळवणार. त्याला त्यांचा इलाज नाही, आणि त्यावरून सिस्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

इतकं बोलूनही कधी कधी निर्णय घरी जाण्याचाच होतो. होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांवर रागावून आणि त्यांनी रुग्णावर रागावून, औषधाविना, कागदाविना निघू नये. सल्ला डावलला म्हणून औषध द्यायचं नाही, असा कुठलाही नियम नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांची औषधं लिहून घ्यावीत, शेवटचा डोस किती वाजता दिला ते विचारावं, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. डॉक्टरांना एकच वाक्य सांगावं: ‘‘आम्ही जातोय, पण काय झालं तर लगेच परत आणायचं ते सांगा.’’ दमलेला आरएमओही या वाक्याला उत्तर देतो.

घरी पोचल्यावर एक वही आणि एक पेन रुग्णाच्या उशाशी ठेवावं. दर चार तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन आणि श्वासांची संख्या लिहावी. श्वास मोजणं सोपं आहे आणि कुणीच करत नाही: रुग्ण शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घेतो आणि आकडा चुकतो. मोठ्या माणसात मिनिटाला २४ च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवायचं, ३० च्या वर गेला तर वाट बघायची नाही. ऑक्सिमीटर लावताना नखावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, बोट गार नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी आकडा थोडा जास्त दाखवतं, तेव्हा ९४ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये. आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला, बोलताना वाक्य पूर्ण होईना, ओठ निळसर दिसले, छातीवर दाब वाटला, माणूस गोंधळून बोलू लागला किंवा सारखा झोपेत जाऊ लागला, तर निघायचं. वाहन कोणतं, कुणाचं, रात्री दोन वाजता कोण चालवणार, हे त्याच दिवशी संध्याकाळी ठरवून ठेवायचं.

लोक परत येत नाहीत याचं एक कारण लाज आहे. ‘कालच एवढे वाद घालून नेलं, आता कोणत्या तोंडाने जायचं?’ या विचारात पाच-सहा तास जातात, आणि ते तासच महाग पडतात. कॅज्युअल्टीतल्या माणसांना त्यात काही नवीन नसतं. ड्युटी बदललेली असते, समोर दुसराच डॉक्टर असतो. त्याच्या हातात वही द्यावी आणि सांगावं: काल रात्री इथून सही देऊन नेलं होतं, हे कालचे रिपोर्ट, शेवटची गोळी सकाळी आठला दिली, ऑक्सिजन पहाटे चारपासून खाली येतोय, आणि यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे.